बाविसावा मजला, हायवेकडे तोंड

पिंजारींनी जाहिरातीत लिहिलंय :
नऱ्हे, वन बीएचके, कार्पेट चारशे बारा,
हवेशीर, दोन लिफ्ट, जनरेटर,
नवले पुलापासून चालत सात मिनिटं.
कुणाच्या पायांनी, ते लिहिलेलं नाही.

आज चौथं गिऱ्हाईक.
गोडांबे नवराबायको. चपला बाहेर काढून आले,
तिथंच मला थोडे आवडले.
तो भिंतींना टिचक्या मारतो,
ती नळ सोडून धार बघते.
पाणी कसं आहे हो?
दिवसाआड. मार्चपासून टँकर, मी म्हणाले.
पिंजारी खोकले.

आतल्या खोलीत खाट टाकली
की कपाटाचं एक दार उघडत नाही.
हे त्यांना खाट आल्यावर कळेल,
नानांनाही तेव्हाच कळलं होतं.
त्यांनी दारच उतरवून मोरीत उभं केलं.
"गाडीत काय सगळी दारं लागत होती?"

नाना म्हणजे रंगनाथ येवले, एस्टी, भोर डेपो.
निम्मी नोकरी वरंध्याच्या वळणांत,
पंचवीस वर्षं विनाअपघात, त्याचा बिल्ला,
आणि पेन्शन इतकी की आकडा सांगताना ते हसायचे.
फंड आणि ओढ्याकाठची वीस गुंठे घालून
त्यांनी हे घेतलं.
गावात म्हणाले, म्हाताऱ्याला एवढं वर कशाला?
नाना म्हणाले, जन्मभर रस्ता अंगावर आला,
आता जरा वरून बघू दे, जातो कुठं ते.

"आणि ही बाल्कनी. व्ह्यू बघा साहेब."
व्ह्यू म्हणजे उतार.
नव्या बोगद्यातून सुटलेले ट्रक,
डिझेल वाचवायला न्यूट्रल करून
पुलाकडे घरंगळत येणारे.
नाना इथं बसायचे, प्लास्टिकच्या खुर्चीत,
बशी डाव्या हातात, उजवा पाय पुढे.
एवढ्या वरून पाटी वाचता यायची नाही,
आवाज मात्र यायचा.
गिअरमध्ये नाही हा, म्हणायचे,
आणि पाय दाबायचे.
फरशीवर.
बाविसाव्या मजल्यावरून
कुठल्या तरी परक्या ट्रकचा ब्रेक.

रात्री दोनला मी फोन केला तरी उचलायचे.
झोपला नाहीत?
ड्युटी आहे.
मी चिडायचे. भाऊ म्हणायचा, डॉक्टरला दाखवू.
दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा झिजलाय,
उजवाच जास्त.

"ही एकच फरशी का हलते?"
गोडांबेबाई अंगठ्यानं दाबून बघतात.
नवरा वाकतो. खाली पोकळ आहे, म्हणतो, लीकेज असणार.
माझ्याकडे तीन उत्तरं होती.
मी चौथंच दिलं, बदलून देते.
तो म्हणाला, त्यापेक्षा किमतीत बघा ना काहीतरी.
पन्नासला करून टाका, आजच टोकन देतो.
पिंजारींनी डोळ्यांनी मला हो म्हणून टाकलं.

कळवते, म्हणाले.

लिफ्ट त्यांना घेऊन खाली गेली.
खुर्ची अजून आहे, ती विकण्यात धरलेली नाही.
बसले.
वास्तविक मला लुनासुद्धा धड येत नव्हती.
क्लच कुठला, ब्रेक कुठला,
नानांनी एकदा शिकवायला घेतलं
आणि मी रडून उतरले होते, डेपोच्या आवारातच.

बोगद्याकडून एक कंटेनर आला.
नुसता चाकांचा आवाज,
इंजिन जणू घरीच ठेवून आलेला.
पुढं एक रिक्षा, शाळेची, पिवळी,
पाठीमागं दप्तरं लटकलेली.

फरशी हलली. कडेची सिमेंटची रेघ
थोडी भुरभुरली.

रिक्षा सर्व्हिस रोडला वळली.
कंटेनर पुलाखाली गेला, पलीकडून निघाला.
मग मी पाय उचलला,
पिंजारींना फोन लावला :
बावन्न.
फरशी आहे तशी.